गॅरेज टाकताय? ब्रेकची हवा काढण्याआधी दोष शोधा

शिरोळमध्ये टू-व्हीलर गॅरेज टाकणाऱ्यांना माझं स्पष्ट मत सांगतो. ब्रेकमधली हवा काढून देणं कुणीही करतं. पैसे मिळतात ते दोष शोधण्याचे.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. म्हणजे डिस्क ब्रेकचं काम तुमच्या दारात येणारच.

लिव्हर स्पंजसारखा दबतोय? आत हवा आहे. पण ती शिरली कुठून? होज, जॉइंटचे वॉशर, कॅलिपरचं सील बघा. लिव्हर दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातोय आणि बाहेर गळती नाही? मास्टर सिलिंडरवर संशय घ्या. चाक जाम होतंय? बहुतेक पिस्टन अडकलाय, तिथे हवा काढून काय होणार?

दोष काढला, की मग ब्लीडिंग. लिव्हर दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. टाकीतलं ऑइल संपू देऊ नका, नाहीतर पुन्हा हवा!

आपला तालुका महापुराचा. २००५, २०१९, २०२१ आठवा. ब्रेक ऑइल पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. बुडालेल्या गाडीत टॉप-अप नको, ऑइल पूर्ण बदला.

"शेजारचा स्वस्तात करतो," असं गिऱ्हाईक म्हणेलच. तरी तपासणीचे पैसे वेगळे लावा, दोष बिलावर लिहा. "नुसती हवा काढा" म्हणाला, तर नम्रपणे नाही म्हणा. एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, ब्रेक लागलाच पाहिजे.