हार एकाच्या गळ्यात, प्रश्न सगळ्या वस्तीचा!

१९६५ साली अमेरिकेतील पुलित्झर पुरस्काराच्या संगीत परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टन या थोर कृष्णवर्णीय संगीतकाराचा विशेष गौरव करण्याची शिफारस केली. मंडळाने ती फेटाळली. १९७४ साली एलिंग्टन गेले आणि मंडळाला जाग आली ती १९९९ साली!

त्याच पुलित्झरचे संगीत पारितोषिक २०१८ साली केंड्रिक लमार या रॅप गायकाच्या ‘डॅम’ या अल्बमला मिळाले. १९४३ पासून चालत आलेले हे पारितोषिक शास्त्रीय व जॅझ संगीताच्या बाहेर प्रथमच गेले.

कोण हा केंड्रिक? १९८७ साली कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन येथे, टोळीयुद्धांनी पोळलेल्या शहरात जन्मलेला गरीब घरातला मुलगा. सोळाव्या वर्षापासून तो गाणी ध्वनिमुद्रित करू लागला. २०१२ च्या अल्बममध्ये त्याने आपल्याच गल्लीची कहाणी मांडली. २०१५ साली त्याचे ‘ऑलराइट’ हे गाणे पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या मोर्चांत तरुणांच्या ओठी आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल या बलाढ्य क्रीडासोहळ्याच्या मध्यंतराचा मंच त्याने गाजवला.

या यशाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण एकाच्या गळ्यात हार पडला म्हणजे वर्णद्वेष संपला, असे ज्यांना वाटते त्यांनी २०२० साल आठवावे. पुलित्झरनंतर अवघ्या दोन वर्षांनी जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला. गायकाला डोक्यावर घेणे सोपे असते. त्याच्या गाण्यातल्या माणसांना न्याय देणार कधी, हाच आमचा सवाल आहे!