तानसेन समारोह आपलाही आहे



नोव्हेंबर संपत आला की आपल्या मंडळ्यांमध्ये डिसेंबरचं वेळापत्रक ठरतं. कॅरलची फेरी कोणत्या वस्तीत कधी, संडे स्कूलच्या मुलांचं नाटक कुणी बसवायचं, महिला संघाची सभा कुणाच्या घरी. हे सगळं व्हायलाच हवं. पण त्याच महिन्यात, आपल्याच ग्वाल्हेरात, एक पैसाही तिकीट न घेता जो तानसेन समारोह होतो, त्याचा उल्लेख या वेळापत्रकात मी कधी पाहिला नाही. म्हणून हे पत्र.

मी निवृत्त शिक्षिका आहे. पेन्शनवर घर चालतं. पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर मैफलींच्या तिकिटांचे भाव सांगतात, तेव्हा वाटतं, माझ्यासारखीनं तिथं राहून गाणं ऐकायचं तरी कसं? आपल्याकडे मात्र हजिऱ्याला, महंमद घौस आणि तानसेन यांच्या समाधींच्या आवारात, देशातले नावाजलेले गायक-वादक आपल्यासमोर बसून गातात, वाजवतात. परदेशी कलाकारही येतात. १९२४ साली शिंदे सरकारच्या काळात सुरू झालेल्या या समारोहानं २०२४ मध्ये शंभरी गाठली. २०२३ मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं एकमेकांना बातमी पाठवली. पण प्रत्यक्ष ऐकायला गेलं कोण?

काहीजण म्हणतात, फुकट आहे म्हणजे असंतसंच असणार. तसं नाही. हा राज्य शासनाच्या संस्कृती विभागाचा कार्यक्रम आहे, राष्ट्रीय तानसेन सन्मान इथंच दिला जातो. खर्च सरकारी तिजोरीतून होतो, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशातून. साबण विकत घेतानाही आपण कर भरतो. तेव्हा तिथं जाऊन बसणं म्हणजे कुणाची मेहरबानी घेणं नव्हे, आपल्या हक्काची जागा घेणं आहे.

आणि ही जागा सहज मिळालेली नाही. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांचं गाणं दरबारात चाले, सामान्य माणसाच्या कानावर ते कुठून पडणार? वासुदेवबुवा जोशी हे हस्सू खाँचे शिष्य. त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी घेतली आणि दक्षिणेत महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी थोडकं तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. राजा-सरदारांच्या मर्जीवर चालणारं गाणं त्यामुळे साध्या माणसाच्या आवाक्यात आलं. ग्वाल्हेरचे कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ मध्ये इथंच संगीत विद्यालय काढलं. हा सगळा वारसा मराठी माणसांच्या हातांतून पुढे गेलेला आहे, आणि आपण मराठी ख्रिस्ती त्याच्यापासून दोन-चार मैलांवर राहून लांब.

लांब राहण्याचं एक कारण दबक्या आवाजात सांगतात, ते मी उघड लिहिते. समारोहाची सुरुवात हरिकथा आणि मिलादनं होते, चादर चढवतात. "आपण तिथं जावं का?" असं काहींना वाटतं. ज्याला सुरुवातीच्या विधीला थांबायचं नसेल त्यानं नंतरच्या सभेला यावं, कुणी विचारत नाही. पण एवढं लक्षात असू द्या की रेव्हरंड ना. वा. टिळकांनी कीर्तन परकं मानलं नाही. त्यांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनातून सांगितली, आणि त्यांची भजनं आपण आजही 'उपासना संगीता'तून गातो. शिवाय नाताळला आपल्या चर्चमध्ये शेजारपाजारची हिंदू-मुसलमान मंडळी येतात. मेणबत्ती लावतात, मागच्या बाकावर बसून गीतं ऐकतात. त्यांना कुणी विचारतं का, तुम्ही इथं कसे? उलट आपण सरकून जागा करून देतो. मग त्यांच्या अंगणात आपण पाहुणे व्हायला काय हरकत आहे?

दुसरं कारण खरं आहे, आणि त्याचं उत्तर एकट्याला देता येत नाही. संध्याकाळची सभा रात्री उशिरापर्यंत चालते. डिसेंबरची थंडी, परत येताना रिक्षा मिळत नाही, मिळाली तर भाडं दुप्पट. कार्यक्रम फुकट असला तरी येणं-जाणं फुकट नाही. एकट्या बाईला, म्हाताऱ्या माणसाला तर ते जमतच नाही. म्हणून माझं म्हणणं असं की हे काम मंडळीनं हातात घ्यावं. कॅरलच्या फेरीला आपण टेंपो ठरवतोच. तसाच एका संध्याकाळी समारोहासाठी ठरवावा, वर्गणी काढावी, ज्यांना देणं शक्य नाही त्यांची इतरांनी भरावी. सकाळच्याही सभा असतात, त्या वयस्कांना आणि घरच्या कामातून वेळ काढणाऱ्या बायकांना सोयीच्या. शाल, थर्मास आणि बसायला एक सतरंजी बरोबर घेतली की झालं.

"शास्त्रीय आपल्याला कळत नाही," असंही ऐकते. राग ओळखायची परीक्षा तिथं कुणी घेत नाही. अर्धा तास शांत बसा, आवडलं नाही तर उठून या, तिकीट वाया गेल्याची हळहळसुद्धा नाही. मुलांना तर जरूर न्या. मेळ्यात एका संध्याकाळी पाळण्यांवर आणि चाटवर आपण जेवढं उडवतो, त्याच्या पावपटीत अख्ख्या घराचं इथं जाणं-येणं होतं. चर्चमध्ये पेटी-तबला वाजवणारी आपली जी दोन-चार मुलं आहेत, त्यांनी मोठ्या वादकाचे हात जवळून पाहिले तर उपासनेतली गीतंही सुधारतील.

समारोहाच्या तारखा दर वर्षी बदलतात. कधी महिन्याच्या मध्याला होतो, कधी ऐन नाताळात येतो. ज्या वर्षी नाताळात येईल त्या वर्षी अवघड आहे, मान्य. पण बाकीच्या वर्षी एक संध्याकाळ काढता येते. पाळकसाहेबांना आणि पंचमंडळींना माझी विनंती आहे की यंदाचं वेळापत्रक लिहिताना तारखा आधी विचारून घ्या आणि कॅरलच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये एक ओळ मोकळी ठेवा. टेंपोच्या वर्गणीत माझं नाव पहिलं लिहा.

आपली,
एक वाचक भगिनी, मुरार, ग्वाल्हेर