बग्गी, वाघ आणि वाटाड्या

आमच्या हदगांवच्या घरीं पत्र आलें म्हणजे तें एकट्यादुकट्यानें वाचण्याची चाल नाहीं. पत्र आतां कागदावर येत नाहीं, मोबाईलच्या पडद्यावर येतें. तरी रात्रींचीं जेवणें आटोपलीं कीं सर्व मंडळी ओसरीवर जमतात आणि मुलांपैकीं कोणीतरी तें मोठ्यानें वाचून दाखवितो. अमेरिकेंत असलेल्या आमच्या पुतण्याचें असेंच एक पत्र गेल्या उन्हाळ्यांत आलें. सुटींत तो सहकुटुंब कॅरिबियन समुद्रांतील डोमिनिकन प्रजासत्ताकांत, पुंता काना या ठिकाणीं गेला होता. ‘काल आम्ही बग्गींतून रानांत फिरून आलों,’ हें त्याचें पहिलेंच वाक्य. तें ऐकतांच आमच्या मातोश्रींनीं विचारलें, “घोडे किती होते रे तिला?”

मुलें हंसलीं, पण मातोश्रींचा प्रश्न अगदीं रास्त होता. मराठींत बग्गी म्हटली कीं तिला घोडा हवाच. पुतण्याची बग्गी निराळी. लोखंडी नळ्यांचा एक पिंजरा, त्याला चार दांडगीं चाकें; दारें नाहींत, समोर कांच नाहीं; ऊन, धूळ आणि चिखल यांना सर्व बाजूंनीं मुक्तद्वार! वाटाड्या पुढें आपली गाडी हांकीत जातो आणि मागून पाहुण्यांच्या बग्ग्या बदकांच्या पिलांसारख्या रांगेनें चालतात. वाटेंत गुहेंतील थंड पाण्याचें कुंड दाखवितात, कोको आणि कॉफी चाखवितात व शेवटीं समुद्रकांठीं नेतात. या वाहनाची कुळी फार जुनी नाहीं. १९६४ सालीं कॅलिफोर्नियांत ब्रूस मायर्स नांवाच्या गृहस्थानें फोक्सवॅगन मोटारीचीं यंत्रें घेऊन त्यांवर फायबरग्लासचें हलकें अंग चढविलें आणि वाळूच्या टेकड्यांवरून पळणारी गाडी तयार केली. आजच्या पुष्कळ बग्ग्या त्याच घराण्यांतल्या.

आमच्या दहा वर्षांच्या नातवानें लागलीच नकाशा काढला. हदगांव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९.५ अंशांवर, तर पुंता काना सुमारें १८.५ अंशांवर. म्हणजे ज्याला परदेशांतील लोक मोठ्या कौतुकानें उष्ण कटिबंधांतील सुटी म्हणतात, ती आम्ही जन्मभर घरबसल्या भोगीत आहों! शेताचा हिशेब घेऊन आलेला आमचा बटाईदार पायरीवर बसून हें सारें ऐकत होता. पैसे मोजून चिखल अंगावर उडवून घेतात हें कळल्यावर तो म्हणाला, “आखाडात आपल्या पांदणीनं या म्हणावं त्यांना. फुकट.” काळ्या रानांतली आमची पांदण ज्यांनीं पावसाळ्यांत पाहिली आहे, त्यांना या बोलण्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. बैलगाडीचें चाक आंसापर्यंत रुततें आणि मनुष्याचा जोडा चिखलांतच राहतो.

तरीपण मुलांनीं हट्ट धरला तो धरलाच. समुद्र दूर, तेव्हां रानावर समाधान मानावें असें ठरून यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत जाण्याचा बेत झाला. तेथें उघड्या जिप्सी गाडींतून, वाटाड्या बरोबर घेऊन, रानांतील मातीच्या रस्त्यांनीं फिरतां येतें. टिपाई देवीच्या नांवावरून त्या स्थळाला हें नांव पडलें असें कळल्यावर मातोश्रीही निघाल्या. “देवीचें वाहन तिच्याच घरीं दिसलें तर बरेंच,” असें त्या म्हणाल्या.

हदगांव सोडून उमरखेडकडे निघालें कीं थोड्याच वेळांत पैनगंगा लागते. १९४७-४८ सालापर्यंत या नदीच्या अलीकडे निजामाचा अंमल होता आणि पलीकडे इंग्रजांच्या कारभारांतलें वऱ्हाड. आज पुलावरून मोटार सरळ निघून जाते आणि सरहद्द ओलांडल्याचें भानही राहत नाहीं. महागांव, आर्णी, घाटंजी असें करीत आम्ही पांढरकवड्यास मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वींच सुन्ना येथील प्रवेशद्वारावर हजर झालों.

जिप्सीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. मारुतीच्या कारखान्यानें ही गाडी १९८५ सालीं काढली. २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठीं ती करणें बंद झालें, तरी रानांत ती अजून आपला मान राखून आहे. साध्या मोटारींत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो, उरलेलीं दोन नुसतीं बरोबर फिरतात. जिप्सींत एक दांडा ओढला कीं तो जोर चारही चाकांना पोंचतो. म्हणून पुढचीं रुतलीं तर मागचीं ढकलतात, मागचीं घसरलीं तर पुढचीं ओढतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्यास हें तत्त्व लवकर समजतें. गाडींत आम्ही सहा जण होतों: मातोश्री, वहिनी, आमचें कुटुंब, दोन नातवंडें आणि आम्ही. पुढें चालकाजवळ वाटाड्या बसला. तो जवळच्याच खेड्यांतला, पंचविशींतला तरुण होता.

टिपेश्वरचें क्षेत्र सुमारें १४८ चौरस किलोमीटर, म्हणजे वाघांच्या मानानें लहानच. उन्हाळ्यांत सागाचीं पानें गळून गेलेलीं असल्यानें रान दूरवर आरपार दिसतें. वाटाड्यानें आम्हांला अस्वलानें उकरलेलें वारूळ दाखविलें, झाडाच्या सालीवरचे नखांचे ओरखडे दाखविले, मोह आणि धावडा ओळखावयास शिकविलें. नीलगाई दिसल्या, चितळांचे कळप दिसले. परंतु आमच्या मनांत एकच अक्षर घोळत होतें, आणि दर पांच मिनिटांनीं आमचा प्रश्न तयार: “वाघ कोठें आहे?” त्यानें एकदांही त्रासिक तोंड केलें नाहीं.

असे दोन तास गेले. इतक्यांत डावीकडच्या नाल्यांतून वानराचें खेंकसणें ऐकूं आलें. वाटाड्यानें बोट वर केलें, गाडी थांबली. चितळ ओरडलें, पुन्हां वानर ओरडलें. “नाल्यात हाय,” तो हळूच म्हणाला. मुलांनीं श्वास रोखून धरला. एक जुनी गाडवाट रस्ता सोडून त्याच बाजूला उतरत होती.

येथून पुढची हकीकत लिहितांना आम्हांस लाज वाटते. पण लिहिली नाहीं तर हा लेख लिहिण्याचें प्रयोजनच उरत नाहीं. आम्ही म्हणालों, “अहो, घ्या ना गाडी थोडी आंत. चारही चाकांचा जोर काय नुसता मिरवायला ठेवला आहे?” चालकानें वाटाड्याकडे पाहिलें. “रस्ता सोडता येत नाही साहेब,” वाटाड्या म्हणाला. त्यावर आम्ही खिशांतून पांचशें रुपयांची नोट काढून पुढें केली. नात रडकुंडीला आली होती, दिवस भरत आला होता, इतक्या दूर आलों होतों. अशा वेळीं मनुष्यास हवीं तितकीं कारणें सुचतात.

त्यानें नोटेला हात लावला नाहीं. आवाज न चढवितां तो म्हणाला, “तुमी आज गावाले जासान साहेब. मले उद्या सकाळी याच गेटवर उभं राहाचं हाय. अन् हा वाघ माया वावराच्या धुऱ्यावरून जाते. त्याले इथं डिवचला, तर त्याचा राग तिथं निघन.”

आम्ही कांहीं बोलणार तोंच मागून मातोश्रींचा आवाज आला: “ठेव तो कागद खिशांत. वाटाड्याचें ऐकायचें नव्हतें, तर वाटाड्या घेतलास कशाला?”

नोट खिशांत गेली. दहा-पंधरा मिनिटें आम्ही गप्प बसून राहिलों. ओरडणें हळूहळू थांबलें. वाघ दिसला नाहीं. गाडी वळवून मागें आलों, तों शंभर-दीडशें पावलांवर आमच्याच चाकांच्या ताज्या खुणांवर पंजांचे ठसे उमटलेले होते. आम्ही नाल्याकडे टक लावून बसलों असतांना तो आमच्या पाठीमागून रस्ता ओलांडून गेला होता. खालीं उतरण्याची मनाई असल्यामुळें मुलांनीं गाडींतूनच वांकून ते ठसे पाहिले. मातोश्रींनीं हात जोडले.

परतीच्या वाटेवर आम्हांला ३१ डिसेंबर २०२४ ची गोष्ट आठवली. त्या दिवशीं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत पर्यटकांच्या गाड्यांनीं एका वाघिणीची आणि तिच्या पिलांची वाट दोन्ही बाजूंनीं अडविली. त्याचीं चित्रें सर्वत्र फिरलीं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. चालक आणि वाटाडे यांना निलंबन व दंड झाला. त्यांनीं चूक केली हें खरें. पण ‘आणखी थोडें पुढें घ्या,’ असें मागल्या बांकावरून कोणी म्हणालेंच नसेल, हें आमच्या खिशांतली नोट तरी मानावयास तयार नाहीं. आम्हां शिकलेल्या लोकांना सांगण्याची संवय फार, ऐकून घेण्याची कमी. पैसे दिले म्हणजे मनुष्य आपला झाला, अशी आमची समजूत. वाटाड्याची मजुरी आपण देतों ती ‘पुढें चला’ म्हणण्यासाठीं नव्हे, ‘येथें थांबा’ असें त्यानें म्हणावें म्हणून देतों, हें आम्हांला त्या दिवशीं कळलें.

त्या तरुणाचें भय पोकळ नव्हतें. पांढरकवडा-राळेगांव भागांत तेरा माणसांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली ‘अवनी’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजीं गोळी घालून ठार करण्यांत आली. त्याच मुलखांतल्या खेड्यांनीं वाघ सांभाळावा असें आपण शहाणपणानें सांगतों. वाघ पाहावयास येणाऱ्यांच्या पैशांतून चार घरांची चूल पेटते, तेव्हांच त्या सांगण्याला कांहीं अर्थ येतो. आणि तो पैसा नेमानें मिळावयाचा तर रानाचा नेमही पाळला गेला पाहिजे.

आणि वाघ कांहीं टिपेश्वरलाच बसून राहत नाहीं. तेथेंच जन्मलेला, गळ्यांत रेडिओचा पट्टा बांधलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जून महिन्यांत बाहेर पडला. तेलंगणांत शिरला, परत फिरला, नांदेड आणि हिंगोली जिल्ह्यांतून वाट काढीत बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचून तेथें स्थिरावला. नऊ महिन्यांत त्याची चाल तीन हजार किलोमीटरांवर भरली. लोकांनीं त्याला ‘वॉकर’ असें नांव दिलें. इतक्या प्रवासांत त्यानें मनुष्यास जखमी केल्याची एकच गोष्ट नमूद आहे. तीही तो ज्या झुडुपांत विसावला होता तेथें मंडळी शिरली म्हणून.

ज्या वाचकांना असा प्रवास करावयाचा असेल त्यांच्यासाठीं चार शब्द. जागा वनखात्याच्या संकेतस्थळावर आगाऊ राखून ठेवावी आणि प्रत्येकाचें ओळखपत्र बरोबर घ्यावें. पावसाळ्यांत अभयारण्य बंद असतें. कपडे मातकट रंगाचे असावेत. धुळीसाठीं उपरणें किंवा ओढणी अवश्य घ्यावी. ज्यांना पाठीचें दुखणें आहे त्यांनीं मागच्या बांकावर बसूं नये, तेथें हादरे फार बसतात. मुलांना आदल्या रात्रींच सांगून ठेवावें कीं वाघ दिसेलच असें नाहीं. मोठ्यांना तर दोनदां सांगावें. आणि वाटाड्याला वाघाऐवजीं एखाद्या झाडाचें नांव विचारावें. त्याची मुद्रा खुलते, आणि आपल्या पदरांतही कांहीं पडतें.

घरीं आल्यावर ओसरीवर ही सारी हकीकत झाली. बटाईदार पायरीवर होताच. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “तुमी पैशे देऊन बघाय गेलते. त्या साली हिंगोलीकडं वाघ हाय म्हणून कळलं, तवा आमी पैशे मिळत असून बी रात्री पाणी द्याय गेलो न्हाई.”

ओसरीवर क्षणभर कोणी बोललें नाहीं. शेतीची वीज पुष्कळदां रात्रींच येते, हें आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षीं हरभऱ्याला पाणी उशिरां मिळालें म्हणून आम्ही त्याला चारचौघांत बोललों होतों, आणि त्यानें खालीं मान घालून तें ऐकून घेतलें होतें. त्या दिवशीं मातोश्री जवळ नव्हत्या, आणि आम्हांस थांबविणारें कोणी नव्हतें. यंदाच्या रब्बींत रात्रीं पाणी द्यावयास त्यानें एकट्यानें जाऊं नये, सोबतीच्या गड्याची मजुरी आम्ही देऊं, असें आम्ही आपण होऊन त्याला सांगितलें आहे. सहा वर्षें उशिरां कां होईना.

पुतण्याला उत्तर धाडावयाचें होतें. मातोश्रींनीं आपल्या वतीनें दोनच वाक्यें घालावयास सांगितलीं: ‘आमच्या बग्गीलाही घोडे नव्हते. वाटाड्या मात्र चांगला होता.’