परवाना आणि शहाणपण

पुण्याच्या कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ रोजी पहाटे एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोघा तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवीत असल्याचा आरोप ज्याच्यावर आला तो मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने घातलेल्या अटींपैकी एक अट रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची होती. त्यावर देशभर संताप उसळला व तो स्वाभाविकच होता. दोन जीव गेल्यावर निबंध लिहावयास सांगणे ही कोणासही थट्टाच वाटेल. परंतु संताप ओसरल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो त्या एका मुलापुरता नाही. निबंधातून जो विचार अपेक्षित होता, तो विचार वाहन हाती येण्यापूर्वी या देशात किती जणांकडून करून घेतला जातो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले व त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. म्हणजे तासाला एकोणीस. यांपैकी १५ हजार २२४ मृत्यू महाराष्ट्रातले. मृतांत सर्वाधिक वाटा, सुमारे ४४ टक्के, दुचाकीवरील लोकांचा होता. हेल्मेट न घालता मरण पावलेल्यांची संख्या ५० हजारांवर गेली. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्क्यांच्या मुळाशी अतिवेग असल्याची नोंद आहे. एखाद्या साथीने इतके बळी घेतले असते, तर शासन व समाज दोघेही खडबडून जागे झाले असते. रस्त्यावरचे मरण मात्र आपण दैवाच्या खाती टाकून मोकळे होतो.

दैवाला दोष देण्यापूर्वी परवान्याची पद्धत पाहावी. शिकाऊ परवान्याच्या लेखी चाचणीत साठ टक्के गुण पुरेसे असतात. उरलेल्या चाळीस टक्के अज्ञानासह उमेदवार रस्त्यावर येऊ शकतो. पक्क्या परवान्यासाठी दुचाकीवरून इंग्रजी आठचा आकडा काढून दाखविला, पाय जमिनीला लागला नाही, की बव्हंशी काम झाले. यात हाताचे कसब तपासले जाते. बुद्धीची परीक्षा होत नाही. वाहन कसे चालवावे हे शिकविले जाते, पण ते केव्हा चालवू नये हे कोणी शिकवीत नाही.

वास्तविक हे शिक्षण अवघड नाही. शाळेतल्या भौतिकशास्त्राचेच ते उपयोजन आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला ११ मीटर कापते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी तेवढे अंतर ब्रेकविनाच सरते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारे ९ मीटर लागतात. वेग दुप्पट, म्हणजे ८० केला, तर ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते; एकूण वीस मीटरचे जवळजवळ अठ्ठावन्न मीटर होतात. पावसात त्याहून अधिक. आणि या जोखमीच्या बदल्यात मिळते काय? दहा किलोमीटरच्या वाटेवर ६० ऐवजी ८० ने गेल्यास वाचतात ती अडीच मिनिटे. तीही पुढच्या चौकातील लाल दिवा बहुधा खाऊन टाकतो.

खर्चाचा हिशेबही असाच अर्धवट शिकविला जातो. रोज तीस किलोमीटर ये-जा करणारा कारकून महिन्याच्या पंचवीस दिवसांत ७५० किलोमीटर दुचाकी चालवितो. लिटरला पन्नास किलोमीटर व पेट्रोलचा दर गणितापुरता शंभर रुपये धरला, तर हा खर्च दीड हजारांचा. तो त्याला तोंडपाठ असतो. पण गुळगुळीत झालेला टायर, झिजलेले ब्रेक लायनर आणि मुदत संपलेला विमा ‘पुढच्या महिन्यात बघू’ या सदरात जातात. कायद्याने सक्तीचा असलेला विमा हा इतरांच्या नुकसानीचा असतो. मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण त्याहून वेगळे घ्यावे लागते, हे अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. विनापरवाना मुलाने अपघात केला, तर विमा कंपनीने दिलेली भरपाई वाहनमालकाकडून वसूल होऊ शकते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. बारावीच्या मुलाला हौसेने किल्ली देणाऱ्या पित्याला वाहनाची किंमत ठाऊक असते. त्या किल्लीची किंमत नसते.

यावर असे म्हटले जाईल, की रस्ते खड्ड्यांनी भरलेले, चौक चुकीचे आखलेले आणि पोलिसांची संख्या अपुरी असताना चालकालाच उपदेश का? आक्षेप खोटा नाही. रस्ते नीट ठेवणे हे शासनाचे व महापालिकांचे कर्तव्य आहे आणि चालकांच्या चुका दाखवून त्यातून त्यांना सुटका मिळू नये. परंतु खड्डा ज्याला चुकवायचा आहे, त्याने तो दिसेल आणि थांबता येईल इतक्याच वेगाने जायला हवे. रस्ता जितका वाईट, तितके चालकाचे शिक्षण अधिक निकडीचे ठरते. पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी हेल्मेटसक्तीला वर्षानुवर्षे विरोध झाला. नागरिकांना सक्ती जाचक वाटते, हे समजण्यासारखे आहे. पण जिथे शिक्षणाने काम केले नाही, तिथे सक्तीशिवाय शासनाच्या हाती उरते काय?

म्हणून या शिक्षणाची सुरुवात प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या दारात नव्हे, तर वर्गात व्हावयास हवी. अकरावी-बारावीतील मुले परवान्याच्या उंबरठ्यावर असतात. गतीचे समीकरण फळ्यावर मांडताना थांबण्याचे अंतर काढावयास लावणे, वाणिज्य शाखेत दुचाकीचा वार्षिक खर्च विम्यासह मांडावयास सांगणे, यासाठी नवे पुस्तक लागत नाही, की शासकीय परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. परिवहन खात्यानेही चाचणी अधिक कठोर करावी आणि जोखमीच्या प्रसंगी उमेदवार काय निर्णय घेतो हे तपासावे. तीनशे शब्दांचा निबंध मुलांकडून जरूर लिहून घ्यावा. मात्र तो किल्ली हाती देण्यापूर्वी.