एकच किक

भाऊबीजेच्या सकाळी पनवेलहून उरणला बहिणीकडे निघालो होतो. आमची जुनी दोन-स्ट्रोक स्कूटर, मागे सौ. आणि तिच्या मांडीवर चकल्यांचा डबा. जासई मागे पडली, न्हावा शेवा बंदराचा फाटा जवळ आला आणि इंजिनात ‘टक्’ झाले. दोनतीनदा खडखड, मग सारे शांत.

प्लग काढून पाहतो तो त्याचे चिनीमातीचे पांढरे टोक गायब! दोष माझाच. आदल्या दिवशी प्लगची गॅप वाढवताना मी मधल्या काडीवर स्क्रूड्रायव्हर टेकवून जोर केला होता. वाकवायची असते ती फक्त बाहेरची काडी. मधलीवर जोर पडला की भोवतालची चिनीमाती तडकते.

डिकीत दुसरा प्लग होता. “घाला तो, आणि मारून तर बघा एक किक!” सौ. म्हणाली, “वन्सं ओवाळायच्या खोळंबल्या असतील.” खरे सांगतो, पाय माझाही शिवशिवत होता.

मदत मागावी तर कोणाकडे? १९८९ साली बंदर सुरू झाल्यापासून या रस्त्यावर ट्रेलरांची रीघ. पण डिझेलच्या इंजिनाला प्लगच नसतो, तिथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटते! तेवढ्यात पलीकडच्या टायरच्या टपरीतून एक म्हातारे मिस्त्री ओरडले, “किक नका मारू! तुकडा आत आहे ना?”

मी चुंबक सुचवला. “चिनीमातीला चुंबक काय करणार?” ते हसले. मग हवेचा झोत? तोही नको. दोन-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात. पिस्टन खाली असला तर कण त्यांतून थेट तळच्या बेअरिंगांत जायचा. मिस्त्रींनी पंखा हाताने अगदी हळू फिरवून, खिडक्या झाकल्या जाईपर्यंतच पिस्टन वर आणला. मग पत्र्याचे आवरण आणि चार नट काढून हेड उचलले. काडीच्या टोकाला ग्रीस लावून एकेक कण टिपला आणि कागदावर फुटक्या बांगडीसारखे तुकडे जुळवायला बसले!

एक तुकडा कमी.

सौ. घड्याळाकडे पाहत होती. मिस्त्री मात्र बॅटरी घेऊन आत वाकले. तिळाएवढा तो तुकडा पिस्टनच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसला होता. किक मारली असती, तर सुटून त्याने सिलिंडरच्या भिंतीवर रेघा ओढल्या असत्या. “टोकदार काही आहे का?” त्यांनी विचारले. सौ.ने पदराची पिन काढून दिली.

नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. नवा प्लग बसवण्याआधी इंजिन दोनदा हाताने फिरवून कान लावला. मग म्हणाले, “आता मारा.”

ओवाळणीला आम्ही दीड तास उशिरा पोचलो. परवा घरात कपबशी फुटली, तर सौ. केरसुणी बाजूला ठेवून फरशीवर तुकडे जुळवत बसली होती.