इंजिनच बदल म्हणणं सोपं असतं

जुन्या गाड्यांची रील्स आपण सगळेच पाहतो. गंजलेला सांगाडा, मग धडाधड कट आणि शेवटी चकाचक गाडी बाहेर. पण दोन आठवड्यांनी त्याच गाडीखाली कूलंटचं डबकं साचतं, त्याचं रील कुणी टाकत नाही. मला त्या डबक्याबद्दल बोलायचंय.

कॉव्हेन्ट्रीत मास्टर्स करताना मी ज्या आजोबांकडे भाड्याने राहायचो, त्यांच्या गॅरेजमध्ये ट्रायम्फ स्टॅग होती. १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’मध्ये बाँडने चालवलेली पिवळी गाडी, तीच. (यांची तपकिरी होती, बाँडही नव्हता.) १९७० ते १९७७ या काळात याच शहरात हिची जुळणी व्हायची. मिकेलॉट्टीचं देखणं डिझाइन, तीन लिटरचं व्ही-८ इंजिन आणि जन्माची बदनामी : ही गाडी तापते.

तापायची, हे खरंच. पण का, ते ऐका. इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमची. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी म्हणजे काय होतं, हे आपण बारावीला इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत घोकलंय. गंजरोधक घातलेलं कूलंट बाराही महिने हवं. ते अनेक मालकांना आणि डीलरनाही उमगलं नव्हतं. अ‍ॅल्युमिनियम झिजायचं आणि त्याचा पांढरा गाळ रेडिएटरच्या नळ्यांत बसायचा. त्यात वॉटर पंप बसवलेला इंजिनच्या वरच्या अंगाला. थोडं कूलंट कमी झालं की पातळी पंपाच्या खाली जाणार, पंप कोरडा फिरणार. म्हणजे दुसऱ्या गाडीत जी गळती ‘बघू पुढच्या रविवारी’ म्हणून चालते, ती इथे अख्खं इंजिन खाते.

आजोबांनी निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून इंजिन बांधलं होतं. पहिल्या मोठ्या फेरीनंतर कूलंट जवळजवळ अर्धा लिटर कमी, आणि इंजिनच्या मागच्या बाजूने ठिबक ठिबक. मग सल्ले सुरू. एक म्हणाला, हेड गॅस्केट गेलं, उघडा. दुसऱ्याने गळती बंद करणारा डबाच आणून दिला. तिसऱ्याचा सल्ला स्टॅगवाल्यांना पाठ असतो : हे इंजिन काढा आणि रोव्हरचं व्ही-८ बसवा. खूप जणांनी तसं केलंही आहे.

माझा राग आहे तो या तिन्ही सल्ल्यांवर. कारण तिघांपैकी एकानेही गळती कुठे आहे, हे पाहिलं नव्हतं.

आजोबांनी काय केलं? इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. कॅपच्या जागी हातपंप लावला आणि कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरली. गाडी उभी असताना जो सांधा कोरडा दिसतो, तो दाब आला की बोलायला लागतो. काटा हळूहळू उतरत होता. टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन आम्ही एकेक पाइप पाहिला. एका होजची क्लिप सैल निघाली. नवं रबर एकदा तापून थंड झालं की क्लिप पुन्हा आवळावी लागते. आवळली. मी टाळी द्यायला हात पुढे केला, तर आजोबा काट्याकडेच बघत होते. काटा अजून उतरत होता.

पुढची पाळी हेड गॅस्केटच्या संशयाची. एका नळीत निळा द्रव असतो. इंजिन चालू ठेवून ती नळी कूलंटच्या टाकीच्या तोंडावर धरायची. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर निळ्याचा पिवळा होतो. निळाच राहिला. म्हणजे हेड उघडायची गरज नव्हती!

खरी गळती तिसऱ्या दिवशी सापडली, पंपाच्या झाकणाखाली. तिथे कूलंट व्ही-आकाराच्या खोलगटात साचत होतं आणि मागून खाली उतरत होतं. ठिबकत होतं मागे, गळत होतं पुढे. त्या गॅस्केटची जाडी मोजून निवडायची असते. आजोबांनी किटमध्ये आलं ते बसवून वर सीलंट थापलं होतं. ‘माझीच घाई,’ एवढंच म्हणाले. गॅस्केटची किंमत चहा-बिस्किटांइतकी.

डब्यातल्या औषधाला माझा सरसकट विरोध नाही. रात्री हायवेवर अडकलात तर ओता, घरी पोचा. पण ते बारीक कण भोक कुठलं आणि रेडिएटरची अरुंद नळी कुठली, हे ओळखत नाहीत. आणि रोव्हरचं इंजिन बसवणाऱ्यांनी एक सांगावं : त्याचीही होज क्लिप सैल झाली, मग पुढे काय बदलणार?

आपल्या लॅबमध्ये प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच जर्नलमध्ये लिहिलेलं असतं. चार वर्षांत एकदाही मला ‘काय बिघडलंय ते आधी शोध’ असं कुणी म्हणालं नाही. बिघडलेलं इंजिन समोर ठेवून तीन तास द्या, मार्क शोधण्याच्या पद्धतीला द्या. मुलं प्रॉक्सी लावणार नाहीत, पैज लावतो.

सुट्टीत घरी आलो तेव्हा आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं. इंजिन गार होतं, म्हणून कॅप काढली. आत विटकरी पाणी. बाबा गॅलरीतून म्हणाले, ‘नळाचंच टाकतो मी, चालतेय ना गाडी?’ तो अख्खा रविवार आम्ही दोघांनी बादल्या भरभरून ते धुऊन काढण्यात घालवला.