गाईडच्या तंबूत आमच्या मुली कधी?

१९११ साली जबलपुरात भारतातले पहिले गाईड पथक निघाले, ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठी. भारतीय मुलींना दार उघडायला पाच वर्षे गेली. आज दारावर मनाईची पाटी नाही. गणवेश, प्रवास आणि शिबिराची वर्गणी आहे. पुण्यात १९६६ पासून जागतिक गाईड संघटनेचे ‘संगम’ केंद्र आहे. तिथे देशोदेशीच्या मुली येतात. पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळांतल्या किती गेल्या? आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे, त्याने सांगावे.

रानातल्या शिबिराचे मोल आम्हाला वाटते ते दोरीच्या गाठींमुळे नव्हे. (गाठी आमच्या आयांना मोळी बांधताना येतातच.) सहा-आठ मुलींची तुकडी, एक चूल, पाणी आणायची पाळी प्रत्येकीला, रात्री एकच तंबू. जिच्या हातचे पाणी घरी चालत नाही, तिच्या हातची भाकरी तिथे खावी लागते. महाडचे तळे आणि काळाराम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

घटनेच्या कलम ४६ ने दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित जपण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. तेव्हा समाजकल्याणच्या वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत गाईड पथके काढा, शिबिराचा खर्च शासनाने भरावा. मात्र ‘मागासवर्गीय मुलींचे शिबिर’ असा वेगळा तंबू आम्हाला नको. कॉलेज रोडच्या शाळेतली आणि सुरगाण्याची मुलगी एकाच तुकडीत हवी.